मोजणीसाहेबांची तिसरी परीक्षा

नागावातल्या एका रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव मोजणीसाहेबांनी टेप लावून मोजला आणि तो एक मीटर चाळीस सेंटिमीटर कमी भरला. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. सकाळी सात वाजता, गाऊनवर ओढणी टाकून, परक्यांच्या तलावाकाठी उकिडवं बसून मी ते टोक धरलं होतं. हे माझ्याच नशिबी का आलं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

"पाटीवर वीस मीटर लिहिलंय," मोजणीसाहेब म्हणाले. "जागेवर भरतंय अठरा साठ. वहिनी, टोक हलवलंत का?"

मी टोक हलवलं नव्हतं. तरी त्यांनी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा अठरा साठ. मग ते श्रेयाकडे वळले.

श्रेया ही पनवेलची मुलगी. पूर्वी स्पर्धांमध्ये पोहायची, आता लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवते. आमच्याकडचा समुद्र गढूळ, खाली गेलं तर स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. म्हणून ती पोहण्याच्या परीक्षा इथे तलावात घेते आणि पास होतील त्यांना मालवणला नेऊन खऱ्या समुद्रात उतरवते. परीक्षा तीन. न थांबता दोनशे मीटर पोहायचं, दहा मिनिटं तरंगत राहायचं, आणि एका श्वासात पाण्याखालून पंधरा मीटर जायचं.

"दोनशे मीटर म्हणजे तुमच्या हिशेबानं दहा फेऱ्या," मोजणीसाहेब म्हणाले. "माझ्या टेपनं एकशे शहाऐंशी होतात. चौदा मीटर कुठं गेले?"

"काका, तेवढं चालतं," श्रेया म्हणाली.

चालतं हा शब्द तिने उच्चारायला नको होता. "पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी," ते म्हणाले. "असल्या चालतंपायी सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिलीत. माझी हरकत नोंदवा." आणि खिशातून खडू काढून त्यांनी तलावाच्या कडेला चौदा मीटरवर रेघ मारली. आदल्या दिवशी चार तरुण मुलं दहा फेऱ्या मारून पास झाली होती. त्यांचा निकाल साहेबांनी जागच्या जागी रद्द ठरवला. वाद मिटावा म्हणून श्रेयाने त्या चौघांना पुन्हा पाण्यात उतरवलं. वर आल्यावर ती मुलं माझ्याकडे बघत होती. टेप मीच धरला होता ना.

मोजणीसाहेबांचं खरं नाव यशवंत गायकवाड. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात सरली, म्हणून आळीत सगळे मोजणीसाहेब म्हणतात. आमची वाडी आणि त्यांचं घर यांच्यात एक दगडी गडगा आहे, आणि तो गडगा नऊ इंच माझ्या बाजूला सरकलेला आहे हे त्यांनी स्वतःहून मला सांगितलं होतं. नऊ इंच माझी जमीन त्यांच्याकडे आहे म्हणून ते चार दिवस अस्वस्थ होते. शेवटी स्वतः गवंडी आणून गडगा मागे घेतला. माझी जास्वंद त्यात मेली, त्याबद्दल मात्र त्यांना काही वाटलं नाही.

मी दोन खोल्यांचा होमस्टे चालवते. फाटकावर 'समुद्र दोनशे मीटर' अशी पाटी होती. एका सकाळी साहेब पावलं मोजत समुद्रापर्यंत गेले, मोजत परत आले आणि नाश्ता करणाऱ्या पाहुण्यांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "तीनशे चाळीस आहे." पाहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घावनातही कमी पीठ घातलं असावं. पाटी पुन्हा रंगवावी लागली. पाववाल्याच्या लादीला त्यांनी पट्टी लावल्यापासून तो आमच्या आळीत भोंगा वाजवतच नाही. पाव आणायला मला नाक्यावर जावं लागतं.

लग्न त्यांनी केलं नाही. बदल्या, मोजण्या आणि आई यांत ते राहूनच गेलं. सोनाबाई, त्यांची आई, गेल्या वर्षी गेल्या. नव्वदीच्या आसपास असतील. शेवटची सहा वर्षं खाटेवरच होत्या. साहेबांनी त्यांचं सगळं केलं, अगदी वेणीफणीसुद्धा. त्या गेल्या तेव्हा आम्ही सगळे हळहळलो आणि साहेब मात्र कोरड्या डोळ्यांनी आलेल्यांना खुर्च्या लावत फिरत होते. दोन खुर्च्यांमध्ये सारखं अंतर ठेवून.

आणि मग एके दिवशी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हा माणूस स्कूबाचा फॉर्म घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"आपत्कालीन संपर्क या रकान्यावर त्या बाईंची हरकत आहे," ते म्हणाले. फॉर्म पाहिला तर त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'निरंक'. श्रेयाला वाटलं ते कुणाचं तरी आडनाव आहे. तिने फोन नंबर मागितला होता.

"अहो, कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं," मी म्हटलं.

"नसलेलं कसं देणार? खोटी नोंद होते."

"मग माझं लिहा." रागाच्या भरात बोलून गेले. आमचे हे आतल्या खोलीतून हसले. ते हसू शकतात, त्यांना सकाळी आठच्या आधी कुणी उठवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला साहेब फाटकात हजर. संपर्क म्हणजे जागेवर हजर असणं, असा त्यांचा नियम. महिनाभर रोज सकाळी मी त्या तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. इकडे पाहुणे नाश्त्याला खोळंबायचे, घावनं करपायची, आणि मी एका निवृत्त माणसाचा टॉवेल सांभाळत असायचे.

त्यांचं पोहणं एकदा पाहायला हवं होतं. मान ताठ वर, हनुवटी पाण्याला लागू द्यायची नाही, नजर समोर. उजव्या हाताने पाणी मारायचं आणि डावा हात पुढे पाण्यावर ठेवायचा, काही तरी ढकलत असल्यासारखा. पुढे काहीच नसायचं. तलावावर आलेली शहरातली पोरं त्यांची नक्कल करायची.

"काका, लेफ्ट हँड यूज करा ना," श्रेया ओरडायची.

"वापरतोय," साहेब म्हणायचे.

"आणि फेस पाण्यात घाला, बॉडी आपोआप वर येते."

"माझी वर आहे."

दोनशे मीटर त्यांनी अठरा मिनिटांत पुरे केले, खडूच्या रेघेपर्यंत, एक वीतही कमी नाही. कोणत्याही पद्धतीने पोहलं तरी चालतं आणि वेळेची अट नाही, हे श्रेयाच्याच नियमात होतं. तिला पास करावं लागलं. तरंगायच्या दहा मिनिटांत तर ते बोलतच होते. मांडव्याहून सुटणारी बोट चार मिनिटं उशिरा निघते, तलावात औषध जास्त पडलंय, पाटी अजून बदलली नाही. उताणे पडून, आकाशाकडे बघत, दहा मिनिटं एकामागून एक हरकती. श्रेया म्हणाली, तरंगताना लोक घाबरतात, रडतात, देवाचं नाव घेतात, पण तक्रारी सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

घोडं अडलं ते तिसऱ्या परीक्षेशी. पाण्याखालून पंधरा मीटर. साहेब भिंतीला पाय लावून उभे राहायचे, श्वास भरायचे, पाणी भुवयांपर्यंत यायचं, आणि ते ताडकन वर यायचे. रोज तेच. वर आले की आधी काठाकडे बघायचे आणि मग हरकत. पाणी गार आहे. चष्मा सैल आहे. चौथ्या दिवशी त्यांनी लेखी अर्ज दिला. 'महोदया, सदर अट ही पोहण्याची नसून दिसेनासे होण्याची आहे. तरी ती वगळण्यात यावी.' श्रेयाने तो अर्ज मला वाचायला दिला आणि सदर म्हणजे कोण असं विचारलं.

"काका, हे नाही झालं तर मी तुम्हाला खाली नेऊच शकत नाही," तिने स्पष्ट सांगितलं. "खाली तर पूर्ण वेळ डोकं पाण्यातच असणार. संडेला लास्ट ट्राय. मंडेला बॅच मालवणला निघते."

शुक्रवारी संध्याकाळी साहेब आमच्या वाडीत आले. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी दोण आहे, ती त्यांना सरावासाठी हवी होती. मी ती घासून भरून दिली, कारण नकार दिला असता तर दोणीवर माझा हक्क कुठल्या कागदाने आहे हे त्यांनी विचारलं असतं. ते गुडघ्यावर बसले, वाकले, नाक पाण्याला लागलं आणि सरळ झाले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ. मी शेजारी नारळ सोलत होते. विसाव्या खेपेला माझा संयम सुटला.

"महिनाभर माझी घावनं जाळलीत," मी म्हटलं. "लहानपण खाडीकाठी गेलं तुमचं आणि दोणीत तोंड घालायला भिता? एवढा कसला तोरा आहे त्या मानेला?"

साहेब दोणीच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता हरकत येणार. आली नाही. बोलू लागले तेव्हा त्यांची ती कचेरीची भाषा कुठे तरी गळून पडली होती.

"शाळा खाडीपल्याड व्हती," ते म्हणाले. "रेवदंड्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव. तर व्हती, मानसं नेनारी होडी, पन तरीत आमचा नंबर शेवटी. सगळी बसली की मग आम्ही. जागाच उरायची न्हाय. तवर पल्याड घंटा. मग मी पवत जायाचो. कपडे नि पाटी पातेल्यात घालायची, पातेलं डाव्या हातानं ढकलायचं."

मी सोलायची थांबले.

"आई काठावर उभी ऱ्हायाची. कामाला उशीर व्हायाचा तिला, मुकादम बोलायचा, पन मी पल्याड लागेस्तवर हलायची न्हाय. मला सांगून ठेवल्यालं तिनं. तुजं डोकं मला दिसलं पायजे. न्हाय दिसलं तर मी उडी मारीन. आनि मला पवता येत न्हाय."

मी नारळ बाजूला ठेवला.

"ती मारनार व्हती, वहिनी. बोलायचं म्हनून बोलनारी बाई नव्हती ती. सात-आठ वर्षांचा मी. एकदा पातेलं कलंडलं, पाटी बुडाली. डुबकी मारली असती तर हाताला लागली असती. मागं बघितलं तर ती कंबरेएवढ्या पान्यात आलेली. पाटी सोडून दिली मी."

"पण मोठे झाल्यावर," मी म्हटलं, "नोकरीत, बदलीच्या गावी..."

"ती संगंच असायची, संध्याकाळी विचारायची ना. खाटेवर पडल्या पडल्या विचारायची, पवायला गेलातास काय, डोकं वर व्हतं ना? मी तिच्याशी खोटं बोललो न्हाय कधी." त्यांनी दोणीतल्या पाण्यावरून हात फिरवला. "खाडी रोज वलांडली, खाली काय हाय ते बघितलं न्हाय. गढूळच असनार. पन गढूळ हाय हे तरी बघायला पायजे व्हतं. ती गेली तवा मनात आलं, आता बघावं. आता कोन उडी मारतंय. आनि आता डोकंच खाली जात न्हाय."

मला भयंकर राग आला. तरीवाल्याचा आला, मुकादमाचा आला. एवढी गोष्ट पोटात ठेवून महिनाभर मला चष्मा सैल असल्याचं सांगणाऱ्या या माणसाचाही आला. आणि तोरा हा शब्द वापरल्याबद्दल स्वतःचा तर इतका आला की मी उठले आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तोवर ते निघून गेले होते. दोण रिकामी करून, पालथी घालून.

रविवारी सकाळी तलावाकाठी आम्ही सहा जण होतो. ती चार पास झालेली मुलं, रिसॉर्टचा मॅनेजर आणि मी. श्रेया पाण्यात साहेबांच्या शेजारी उतरली होती, पूर्ण अंतर ती बाजूने पोहणार होती, त्यामुळे काळजीचं तसं काही कारण नव्हतं. हे मी स्वतःला तीन वेळा सांगितलं.

साहेबांनी पाण्यातून मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला पवता येतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मागं उभ्या ऱ्हावा. आनखी मागं. त्या कुंडीपाशी."

मी कुंडीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी भिंतीला पाय लावले. श्वास घेतला. पाणी भुवयांपर्यंत आलं आणि ते वर आले, काठाकडे पाहिलं. मी कुंडीपाशीच होते. दुसऱ्यांदाही तेच. श्रेयाने त्यांना घाई केली नाही, ही मुलगी शहाणी आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे मिटले, आणि त्यांचं पांढरं डोकं पाण्याखाली गेलं.

पंधरा मीटर म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाणी सपाट दिसत होतं. मॅनेजर फोनवर कुणाशी तरी गाद्यांबद्दल बोलत होता आणि मला त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. आत एक सावळी आकृती हळूहळू सरकत होती, मध्येच ती थांबल्यासारखी वाटली. मग पुढचं मला नीट आठवत नाही. मला एवढंच माहीत आहे की पलीकडच्या टोकाजवळ पाणी फुटलं, साहेब वर आले, खोकले, आणि त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, पास!" श्रेया म्हणाली.

साहेबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते काठाकडे बघत होते. मी कुंडीपाशी नव्हते. मी तलावाच्या अगदी कडेला, एक पाय पाण्यातल्या पायरीवर आणि एक फरशीवर अशी उभी होते. गाऊन गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि माझी एक चप्पल तलावात तरंगत होती. कधी आले, कशी आले, देवाशपथ सांगते, मला पत्ता नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, घोटाभर पाण्यात उतरायलाही घाबरते.

साहेब चपलेपाशी आले. ती उचलली. मग माझ्याकडे पाहिलं.

"पवता येत न्हाय म्हनालात ना तुम्ही?"

"नाही येत."

"मग?"

मी गाऊनचं टोक पिळायला लागले. साहेब पाण्यातल्या पायरीवर बसले आणि ती ओली चप्पल दोन्ही हातांत धरून, त्या परक्या पोरांच्या देखत, हमसून हमसून रडले. सोनाबाई गेल्या त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं आळीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. मी तिथेच काठावर त्यांच्याजवळ बसले. नाश्त्याची वेळ होऊन गेली तरी बसले.